जखम ओली की कोरडी? घरच्या ड्रेसिंगचं सामान निवडताना

डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, 'ड्रेसिंग एक दिवसाआड'. पेशंट चंदगडचा, आजऱ्याचा किंवा गगनबावड्याचा असला तर दर वेळी कोल्हापूर गाठणं जमत नाही. मग घरातलं कुणीतरी सीपीआर या सरकारी रुग्णालयाजवळच्या मेडिकलमध्ये उभं राहून म्हणतं, "दादा, ड्रेसिंगचं सामान द्या." समोरून कापसाचा गुंडा, आयोडीनची बाटली, चिकटपट्टी आणि एक बँडेज येतं. यातला कापूस उघड्या जखमेवर ठेवायचा नसतो. आयोडीन बहुतेक जखमांना रोज लागत नाही. आणि खरी गरज असते ती सलाइनची आणि न चिकटणाऱ्या जाळीची, ती पिशवीत नसतेच.

डॉक्टरांनी जखम पाहून घरी ड्रेसिंग करायला सांगितलं आहे, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

सामान निवडायचं ते एका गोष्टीवरून: जखमेतून किती पाणी येतंय. जखम कोरडी पडली तर नवी कातडी सरकायला वाट मिळत नाही. फार ओली राहिली तर कडेची चांगली कातडी कुजू लागते. जखमेला 'हवा लागू द्यावी, खपली धरू द्यावी' हे आपल्याकडे घरोघरी सांगितलं जातं, पण १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवरच्या जखमांवर प्रयोग करून दाखवलं, की पातळ फिल्मखाली ओलसर ठेवलेली जखम उघडी सुकवलेल्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने कातडी धरते. खपली आडवी आली की नव्या पेशींना तिच्या खालून वाट काढत जावं लागतं. आजची बहुतेक ड्रेसिंग या एका गोष्टीवर उभी आहेत.

मेडिकलमध्ये नेमकं काय मागायचं

गॉज म्हणजे जखमेवर ठेवायचं विरळ सुती कापड. तो मागताना 'निर्जंतुक, सीलबंद, १० बाय १० सेंमी' असं स्पष्ट सांगा. सुटा गॉजचा थान स्वस्त पडतो, पण तो निर्जंतुक नसतो. तो वरच्या थराला चालतो, जखमेला टेकवायला नाही. हातमागावरच्या किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावरच्या दाट विणीच्या कापडाची सवय असल्याने गॉज हातात घेतल्यावर विरविरीत वाटतो. तो मुद्दाम तसा सैल विणलेला असतो, म्हणजे पाणी पटकन वर ओढलं जातं. धुतलेल्या जुन्या धोतराची पट्टी त्याची जागा घेऊ शकत नाही.

नॉर्मल सलाइन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी, लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. ५०० मिलीची बाटली स्वस्त वाटते, पण एकदा उघडली की २४ तासांत संपवायची किंवा ओतून द्यायची. एक दिवसाआड ड्रेसिंग असेल तर १०० मिलीच्या छोट्या बाटल्याच घ्या. सलाइन संपलं आणि दुकान बंद असेल तर १ लिटर पिण्याचं पाणी १० मिनिटं खळखळ उकळून त्यात ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा मीठ घालायचं, झाकून गार करायचं आणि त्याच दिवशी वापरायचं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी न उकळता जखमेवर घेऊ नका.

याशिवाय २० मिलीची सिरिंज (सुई नको), १ इंची कागदी टेप, हाताला ७.५ सेंमी आणि पायाला १० सेंमी रुंदीचं रोलर बँडेज, हातमोज्यांच्या दोन-तीन जोड्या आणि पॅराफिनची जाळी, म्हणजे मेणचट पॅराफिन लावलेली न चिकटणारी जाळी घ्या. बॅक्टिग्रास या नावाने मिळणाऱ्या जाळीत क्लोरहेक्सिडिन असतं, सोफ्राट्यूलमध्ये फ्रामायसेटिन हे प्रतिजैविक असतं, साध्या जाळीत नुसतं पॅराफिन. पेशंटला कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर साधी जाळी मागा.

कापूस घ्यायचाच असेल तर गमजी पॅड मागा. गॉजच्या दोन थरांमध्ये कापूस दाबून बसवलेला हा पॅड बर्मिंगहॅमचे सर्जन जोसेफ सॅम्प्सन गमजी यांनी १८८० मध्ये काढला. कापसाची जागा तीच, मध्ये. त्याचे तंतू जखमेत सुटले की शरीर त्यांना परकं समजून भोवती सूज धरतं, आणि पुढच्या वेळी ते चिमट्याने वेचत बसावं लागतं.

पाकीट घेताना उजेडात धरून पाहा. भोक, सुटलेली कड, ओलाव्याचा डाग यांपैकी काहीही दिसलं तर आतला गॉज निर्जंतुक राहिलेला नाही, तारीख पुढची असली तरी. '२' या आकड्यावर काट मारलेली खूण म्हणजे एकदाच वापरायचं. वाळूच्या घड्याळाच्या खुणेशेजारी लिहिलेली असते ती वापरण्याची शेवटची तारीख.

घरच्या कुकरमध्ये गॉज वाफवून घ्यावा का, असं पुष्कळ जण विचारतात. दवाखान्यातल्या ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबाला १२१ अंशांवर निदान १५ मिनिटं वाफ दिली जाते, आणि त्यानंतर कापड आतच वाळवलं जातं. कुकरमधून गॉज ओलाच निघतो, आणि ओल्या कापडातून बाहेरचे जंतू सहज आत झिरपतात. सगळी मेहनत तिथे वाया जाते. स्टीलचा चिमटा आणि कात्री मात्र घरी २० मिनिटं पूर्ण बुडवून उकळली तर साध्या ड्रेसिंगला पुरतात. धनुर्वातासारख्या जंतूंचे बीजाणू उकळून मरत नाहीत, म्हणून ही कात्री जखमेतलं काही कापायला वापरायची नाही.

ड्रेसिंग करताना

खोलीतला केर आधी काढून तासभर जाऊ द्या, पंखा बंद करा. दुखणारी जखम असेल तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी अर्धा तास आधी द्या. बांगड्या, अंगठी, घड्याळ उतरवून साबणाने हात मिनिटभर धुवा, बोटांच्या बेचक्या आणि अंगठा विसरू नका. धुतलेल्या ताटात किंवा ट्रेमध्ये सामान मांडून ठेवा. मध्येच उठून कपाट उघडावं लागलं की हात पुन्हा धुणं आलं.

जुनी पट्टी ओढून काढायची नाही. चिकटलेल्या गॉजबरोबर चार दिवसांची नवी कातडी निघून येते, आणि हे घरच्या ड्रेसिंगमधलं सगळ्यात मोठं नुकसान आहे. सलाइनने गॉज पूर्ण भिजवा आणि ५ ते १० मिनिटं थांबा. तरीही चिकटला असेल तर आणखी भिजवा. टेप काढताना वर उचलायची नाही, कातडीला समांतर, जखमेच्या दिशेने मागे दुमडत न्यायची, दुसऱ्या हाताने कातडी दाबून धरायची. वयस्कर माणसांची कातडी कागदासारखी असते, तिथे हे फार जपून करावं लागतं.

मग जखम नीट पाहा. डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, दाणेदार मांस दिसत असेल तर जखम भरतेय. पिवळट, चिकट साय म्हणजे मेलेला भाग, तो ओरबाडायचा नाही. काळं, कडक पडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. कडेची कातडी कपडे धुतल्यावरच्या बोटांसारखी पांढरी, सुरकुतलेली दिसली तर ड्रेसिंग पुरेसं शोषत नाही किंवा फार उशिरा बदललं जातंय. दर वेळी शेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून मोबाइलवर एक फोटो काढा. तारखेसकट असे फोटो डॉक्टरांना जेवढं सांगतात तेवढं 'बरं वाटतंय' या उत्तरातून कळत नाही.

धुण्यासाठी सिरिंजमध्ये सलाइन भरून सुमारे ५ सेंमी अंतरावरून जोरात सोडा. जखमेच्या दर सेंमी लांबीमागे ५० मिलीपर्यंत लागलं तरी हात आखडू नका. धुण्याने जितके जंतू निघून जातात तितके बरेचदा औषध ओतून मरत नाहीत. टाक्यांची जखम असेल तर आधी टाक्यांची रेष पुसा, मग तिच्या दोन्ही बाजू. उघडी जखम असेल तर मधून बाहेर. एक गॉज एकदाच फिरवायचा आणि टाकायचा. भोवतालची कातडी टिपून कोरडी करा, जखमेचा तळ ओलसरच राहू द्या.

त्यावर तीन थर. जखमेला टेकणारी न चिकटणारी जाळी, तिच्यावर शोषणारा गॉज किंवा पॅड, आणि सगळं जागेवर धरणारी टेप किंवा बँडेज. जाळी जखमेपेक्षा अर्धा-एक सेंमी मोठी कापा, फार मोठी नको, नाहीतर चांगली कातडी पॅराफिनखाली भिजत राहते. टेप बोटाभोवती किंवा मनगटाभोवती पूर्ण गोल कधीही फिरवू नका. सूज वाढली की तीच फास होते.

बँडेज पायाला बांधायचं तर बोटांकडून वर, टाचेपाशी आठच्या आकड्यासारखं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा. गुलाबीपणा २ सेकंदांत परत यायला हवा. बोटं गार, निळसर, मुंग्या आलेली असतील तर त्याच क्षणी सोडून पुन्हा सैल बांधा. क्रेप, म्हणजे ताणलं जाणारं बँडेज साध्या बँडेजसारखं ताणून गुंडाळणं ही नेहमीची चूक आहे. पायाच्या शिरा फुगून झालेल्या जखमेला घट्ट दाब खरंच बरं करतो, पण पायाला धमनीतून रक्त कमी येत असेल तर त्याच दाबाने पाय जाऊ शकतो. पायाच्या नाड्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय दाबाचं बँडेज नको.

कुठल्या जखमेला काय

टाके घातलेली स्वच्छ जखम सगळ्यात सोपी. ऑपरेशन थिएटरमध्ये लावलेलं पहिलं ड्रेसिंग ४८ तास उघडायचं नाही. तोपर्यंत कडा आपसात बिलगून बाहेरच्या जंतूंना दार बंद करतात. नंतर पाणी येत नसेल तर पातळ गॉज आणि कागदी टेप पुरे. डॉक्टरांनी हो म्हटलं तर अंघोळही करता येते, फक्त टबात किंवा नदीत बुडायचं नाही.

थोडं पाणी येणारी, उथळ, लाल जखम: पॅराफिनची जाळी आणि गॉज. अशाच स्वच्छ जखमेवर हायड्रोकोलॉइडचा चिकट पॅड लावला तर तो पाणी शोषून आत जेल होतो आणि ५ ते ७ दिवस राहू शकतो. उघडल्यावर पिवळट, वासाचा द्रव दिसतो, त्याला पू समजून घाबरू नका, धुतल्यावर तो जातो. जंतुसंसर्ग झालेल्या जखमेवर मात्र हा पॅड नको, आत बंद झालेले जंतू वाढतात.

भरपूर पाणी येणारी खोल जखम: अल्जिनेट किंवा फोम (स्पंजासारखा शोषणारा पॅड). अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळापासून बनतं. त्यातलं कॅल्शियम जखमेच्या पाण्यातल्या सोडियमशी अदलाबदल करतं आणि तंतूंचं जेल होतं. म्हणूनच ते कोरड्या जखमेवर निरुपयोगी ठरतं, चिकटून बसतं. पोकळीत भरताना ते किंवा गॉज ठासून भरायचा नाही, हलक्या हाताने सैल ठेवायचा आणि एक टोक बाहेर दिसेल असं. आत किती तुकडे ठेवले ते कागदावर लिहून ठेवा. विसरलेला एक तुकडा महिनाभर पू देत राहतो.

कोरडी, सुकलेली जखम असेल तर उलटं, तिला ओलावा द्यायचा. हायड्रोजेलचा, म्हणजे पाणीदार जेलचा पातळ थर आणि वर जाळी.

महाग ड्रेसिंग म्हणजे चांगलं ड्रेसिंग, असं नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात दुसरीकडे लावण्यासाठी कातडी काढलेल्या जागेवर निर्जंतुक केलेली केळीची पानं वापरली गेली. पान मोठं, मेणचट, जखमेला न चिकटणारं आणि जवळजवळ फुकट. त्यासाठी पानं नीट चिकटवून ऑटोक्लेव्ह केलेली असतात. परड्यातलं पान तोडून लावणं म्हणजे ते नव्हे.

बाटल्या आणि ट्यूबा

पोव्हिडोन आयोडीन मळकट, ताज्या जखमेला किंवा डॉक्टरांनी संसर्ग आहे म्हटलं तर ठरावीक दिवस. लाल, भरत आलेल्या जखमेवर रोज ओतलं तर नव्या पेशीही मरतात. थायरॉइडचा आजार, गर्भारपण, तान्हं बाळ असेल तर विचारल्याशिवाय नको. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम साफ झाल्यासारखी वाटते, पण तो जखम भरणाऱ्या पेशींनाही जाळतो, आणि खोल पोकळीत त्याचा वायू रक्तात शिरण्याचा धोका असतो. स्पिरिट फक्त अखंड कातडीवर. प्रतिजैविकाची पावडर भुरभुरली की पाण्याबरोबर तिचा दगडासारखा थर होतो आणि खाली पू साठतो.

हळद, चुना, टूथपेस्ट, शेतातला दगडीपाला हे सगळं माणसं मायेने आणि घाईने लावतात. अडचण अशी की त्याच्याबरोबर माती येते आणि मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात. शिवाय डॉक्टरांना जखमेची खोली दिसत नाही. उसाच्या फडात कोयता लागला तर स्वच्छ कापड जखमेवर धरून सलग १० मिनिटं दाबा. थांबलं का म्हणून मध्ये मध्ये उचलून पाहू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन मळकट जखमेला शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटून गेली असतील तर आणि स्वच्छ जखमेला १० वर्षं झाली असतील तर घ्यावं लागतं. आधी किती डोस झाले तेच आठवत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा.

गुऱ्हाळात चरकात बोट जाऊन तुटलं तर तुटलेला भाग सलाइनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ टाकलेल्या पाण्यात ठेवून पेशंटबरोबर न्या. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते गोठून मरतं आणि जोडता येत नाही.

गुळाच्या पाकाने भाजणं हे उकळत्या पाण्याने भाजण्यापेक्षा वाईट. काहिलीतला पाक उतरवताना ११५ ते १२० अंशांच्या आसपास असतो आणि तो कातडीला चिकटून जळत राहतो. ओढून काढू नका. २० मिनिटं वाहतं गार पाणी सोडा, पाक आपोआप विरघळतो. बर्फ नको. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, नंतर सूज आली की कापावं लागतं. शिरोलीच्या फाउंड्रीत भाजलेल्यांनाही पाण्याचा हाच नियम, फक्त तापलेला धातू आणि पाणी एकत्र येणार नाही इतकं माणसाला आधी दूर न्या. सिल्व्हर सल्फाडायझिनची पांढरी क्रीम डॉक्टरांनी जखम पाहिल्यानंतरच. ती आधी थापली की किती खोल भाजलंय ते कळत नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर ती नकोच.

टाक्यांचा दोरा

कार्डावर ३-० किंवा ५-० लिहिलेलं असतं. शून्याआधीचा आकडा जितका मोठा, दोरा तितका बारीक. चेहऱ्याला ५-० किंवा ६-०, अंगावर ३-०. नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन आणि रेशीम विरघळत नाहीत, काढावे लागतात. चेहऱ्याचे साधारण ५ दिवसांनी, डोक्याचे ७ ते १०, पायाचे १० ते १४, गुडघ्यावरचे १४. मधुमेह असेल तर डॉक्टर आणखी थांबतात. उशीर झाला तर टाक्यांच्या आडव्या खुणा राहतात, घाई झाली तर जखम उकलते.

आतले टाके विरघळणारे असतात. कॅटगट हा गुराच्या किंवा मेंढीच्या आतड्यापासून काढलेला दोरा. पॉलिग्लॅक्टिन हा कृत्रिम दोरा साधारण ५६ ते ७० दिवसांत पूर्ण विरघळतो. कधी कधी तीन-चार आठवड्यांनी त्याचं टोक फुणशीतून बाहेर डोकावतं. ते ओढू नका, दवाखान्यात कातडीलगत कापून देतात. काही ठिकाणी टाक्यांऐवजी वैद्यकीय गोंद लावतात. त्यावर व्हॅसलीन किंवा कुठलंही तेलकट मलम लावलं की तो सुटतो. एरवी ५ ते १० दिवसांत आपोआप पापुद्र्यासारखा निघतो. दुकानातला चिकटवायचा गोंद त्याच्या जागी कधीही नको.

टाके निघाले म्हणजे कातडी पूर्ववत झाली असं नाही. तीन आठवड्यांनी तिची ताकद मूळच्या जेमतेम पाव असते. पोटाचं ऑपरेशन झालेल्याने सहा आठवडे मोळी उचलू नये, तालमीत उतरू नये.

मधुमेह आणि पावसाळा

मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला कोल्हापुरी चपलेचा अंगठा घासून जखम झालेली कळतही नाही. अशा जखमेला कितीही चांगलं ड्रेसिंग केलं आणि वर तीच चपल घातली तर ती भरत नाही, कारण प्रत्येक पावलाला तिच्यावर घाव बसतो. त्या जागेवरचा भार काढणं हेच तिचं पहिलं औषध. कुरूप काढायच्या पट्ट्यांमध्ये आम्ल असतं, त्या मधुमेहाच्या पायाला लावू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की कागदी टेप सुटते आणि गॉजची पाकिटं नरम पडतात. सामान घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघराजवळ नको. पंचगंगेला पूर आला आणि जखम घेऊन पाण्यातून जावंच लागलं तर वर प्लास्टिक बांधा, कोरड्यात पोचताच ते काढून जखम भरपूर धुवा, नवं ड्रेसिंग करा आणि पुराच्या पाण्यातून आल्याचं डॉक्टरांना सांगा. लेप्टोच्या (साचलेल्या, दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधाच्या गोळ्या द्यायच्या का हे डॉक्टर ठरवतील.

तिसऱ्या दिवसानंतर ठणका कमी होण्याऐवजी वाढला, लाली पसरत गेली (पेनाने तिची कड आखून ठेवा, म्हणजे कळतं), पू किंवा दुर्गंधी आली, ताप ३८ अंश सेल्सियसवर (१००.४ फॅरनहाइट) गेला, टाके उकलले किंवा पोटाच्या जखमेतून अचानक गुलाबी पाण्याचा लोट आला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. शेवटचं लक्षण दिसलं तर जखमेवर सलाइनने ओला केलेला निर्जंतुक गॉज ठेवून पेशंटला झोपवूनच न्या.

वापरलेला गॉज कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत बांधा, त्यावर लाल पेनाने खूण करा आणि घंटागाडीवाल्या माणसाच्या हातात वेगळी द्या. सुया आणि ब्लेड जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून साठवा आणि पुढच्या फेरीला दवाखान्यात द्या. तिथे त्या पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जातात.